उजव्या अंगाची गाठ

— मीच मारला, असं मी सोताच्या तोंडानं सांगतोय न्हवं? मग आनि काय पायजे तुला? लोक खून करून न्हाय न्हाय म्हंत्यात, हितं मी कुनी न इचारता व्हय म्हंतोय, तरी तू आपला बसलाईस खांबावानी — बस, बस, उठू नगंस. आमची कारभारीन, आक्काताई, च्या टाकतीया, च्या घेतल्याबगार आमच्यातनं कोन जात न्हाय. ऐक प्रसेनजीत, तुझा थोरला भाऊ नागसेन माझ्या हातानं गेला. धुळीनं न्हवं, वाळूनं न्हवं, मालकाच्या पापानं तर न्हवंच न्हवं — ह्या पिराजी मुकादमाच्या हातानं गेला. मानंवर माझा रद्दा बसला, तालमीत हाताच्या कडंनं हानत्यात त्यो, रद्द्याच्या जाग्याला गाठ आली, त्या गाठीनं मानूस खाल्ला. सपलं. सोमवारी कोर्टात भरपाईचा खटला हाय, तितं येऊन हे सांगा म्हनशील तर आंगुळ करून, टोपी घालून येतो. पर तुझ्या वकिलाला पायजे ते — की नागसेननं आमच्या फौंड्रीत जलम घालवला, तितं धूळ हुती, तोंडाला बांधाय कुनी फडकं दिलं न्हाय, आन् त्या धुळीनं त्यो मेला — ते ह्या तोंडातनं निघायचं न्हाय. का म्हंजे? खोटं हाय म्हनून. मी मानसं तुडवीन, पर कोर्टात खोटं बोलनार न्हाय.

धूळ हुती का? आता, हुती म्हंजे — फेटलिंग हाय त्ये मर्दा, तुझ्या शाळंचा वर्ग हाय व्हय! तुला काय म्हाईत, तू जयसिंगपूरला मास्तर, खडूची भुकटी लागली तरी हात झाडत बसनारा. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस वततात, गार झाला की साचा फोडत्यात, आन् आतनं जे निघतं त्येच्या अंगाला जळकी वाळू चिकटलेली असती — ती छिन्नीनं तासायची, ग्राइंडर लावून घासायची, ह्येला फेटलिंग म्हंत्यात. भर दुपारी बलब लावाय लागायचा. समोरचा गडी दिसायचा न्हाय, नुसत्या ठिनग्या दिसायच्या, ठिनग्यांवरनं वळखायचं की हितं गुंडू हाय, तितं गणपती हाय, आन् त्या कोपऱ्यात लांबवर ठिनग्या उडत्यात म्हंजे त्यो नागसेन — ताकद हुती बाबा तुझ्या भावात, ग्राइंडर असा दाबून धरायचा की मशीन रडायची. वाळू भाकरीत, वाळू डोळ्यात, कानात, बायकूच्या अंथरुनात बी — जाऊ दे, तुझं लगीन व्हायचं हाय. आन् मी काय खुर्ची टाकून लांब बसत हुतो? मी त्याच धुळीत उभा ऱ्हाऊन शिव्या देत हुतो, तोंड उघडून! मग मी का न्हाय मेलो? आँ? सांग की मास्तर. हाय का न्हाय मी तुझ्या म्होरं जिता? झाला तुझा खटला खलास.

आन् धुळीवर औषीद हुतंच की. गूळ. मालक मनाचा मोठा, मार्केट यार्डातनं गुळाचा अख्खा रवा, ही एवढी ढेप, आनून ठेवायचा, पिवळाधम्मक. सुट्टी व्हायच्या टायमाला मी हातोडीनं फोडायचो आन् एकेकाला खडा द्यायचो. गूळ खाल्ला की धूळ त्येला चिकटती, पोटात उतरती, सकाळी परसाकडंला भाईर. हे काय मी काढलं न्हाय, आख्ख्या कोल्लापुरातल्या फौंड्र्यांत हाय. गूळ सगळ्यांला सारखा हां, कुनाला ल्हान कुनाला मोठा असं न्हाय, मी जातपात बगत न्हाय — तुमच्यातली जी पोरं हुती त्येंच्या हातावर वरनं टाकायचो, पर ते आपलं सवयीनं. माझ्या बाची सवय, माझ्यात आली. तुझा भाऊ तेवढा नमुना. त्यो हात खाली धरायचाच न्हाय. त्यो हात वर आनून माझ्या बोटाला बोट लावून खडा घ्यायचा, आन् हासायचा. रोज! मी बी काय म्हनायचो न्हाय. खरं सांगू, मला आवडायचा त्यो. न्हाय, हासू नगंस — मला आवडायचा म्हनूनच तर जास्त मारला.

आता ती तुझी राजारामपुरीतली डाक्टरीन. मघाशी तू छातीवर बोट फिरवून फिरवून दावलंस न्हवं, ते मी ऐकलं, माझं कान साबूत हायती. काय म्हंती ती, की धूळ पोटात उतरतच न्हाय, पोटाची नळी येगळी आन् फुफ्फुसाची येगळी. बरं. फुफ्फुसात बारीक बारीक फुगं असत्यात, तितं वाळू जाऊन बसती. मग अंगातलं राखनदार येत्यात, ती वाळू गिळत्यात, पर वाळू काय पचत न्हाय, मग ते तिला उचलून चरात नेत्यात. चर! ह्यो शब्द तिचा का तुझा? तुझाच असनार, तुला म्हाईत हाय माझं रान शिरोळकडं हाय ते. तर फुफ्फुसाला म्हनं आतनं चर काढल्यात, पान्याचा निचरा व्हायला, आन् सगळं चर फुफ्फुसाच्या देठाला जाऊन मिळत्यात, तितं गाठी बसल्यात गाळनीवानी. गाठीत वाळू साठती, गाठ दगड हुती. ती तुंबली की म्होरली गाठ, मग नरड्याच्या नळीच्या कडंकडंनं वर, आनि वर, आन् शेवट हासळीच्या हाडावर मानंत. व्हय ना? बराबर सांगितलं का? मग आता माझं ऐक. माझं अर्धं रान मिठानं गेलंय, ऊस तांबडा पडतोय, मी सोता चर मारून घेतल्यात, मला चर शिकवू नगंस. पानी उतारानं जातं! पानी वर चढत न्हाय! छातीतलं पानी चढून मानंत जातंय म्हनं! मास्तर हायस न्हवं तू? शाळंत हेच शिकवतोस?

काय म्हनलास? ... दम घेतला की वर सरकतं? ... म्हंजे छाती फुगली की भाता दाबल्यागत — आन् उलटं येऊ नये म्हनून मधी मधी झडपा? ... म्हंजे मानूस जेवढा दम घील तेवढं ते वर — दर दमाला — झोपंत बी? ... हॅट. काय बी सांगत्यात. मग काय मानसानं दम घ्यायचा बंद करायचा? हे बग, मी थांबवला — ... — न्हाय, खोकला तो असाच. बिडीचा हाय. आक्काताई, पानी आन! हे बग मर्दा, मला तिचं हे पटत न्हाय, आन् पटवून घ्यायचं बी न्हाय. मानसाला मानूस मारतंय. धूळ मारत न्हाय. माझ्या बानं माझ्या चुलत्याच्या डोसक्यात पहार घातली, चुलता मेला, बा येरवड्याला गेला — असं सरळ असतंय. कुनी मारलं, कुटं मारलं, कशानं मारलं. धुळीला फाशी देनार हाईस व्हय तू?

उजव्या बाजूला हुती गाठ, म्हंतोस. व्हय. म्हाईत हाय की. मग? मी मारलं तितंच आली. तू मला आता ह्या हिशेबात पकडाय बगतोस — समोर उभ्या मानसाला उजव्या हातानं रद्दा मारला तर त्यो त्येच्या डाव्या मानंवर बसतो, मग गाठ उजवीकडं कशी. हुशार हाईस. पर मी डावरा हाय. डाव्या हातानं मारला, उजव्या मानंवर बसला, तितंच गाठ. जुळलं? ... कप? कपाचं काय? च्या सगळी दुनिया उजव्या हातानंच पिती, डावरा बी! तुझी डाक्टरीन सांगती ते सोड — उजव्या फुफ्फुसाचं सगळं उजवीकडनंच वर, आन् डाव्याच्या खालच्या अंगाचं पानी बी वलांडून उजवीकडंच जातं, म्हनून फौंड्रीवाल्याची गाठ उजवीकडं दिसली तर नवल न्हाय — हे काय कायदा हाय व्हय? सगळ्यांची उजवीकडंच? कुनाची डावीकडं निघायला नगं? ... निघती बी म्हंतोस. मग! मग ह्येची उजवीकडं माझ्यामुळंच आली. कोर्टात सांग, मुकादम डावरा हुता.

तुला मारामारी ऐकायची हाय? तुझ्या वैनीनं अर्धीच सांगितली असनार, तिला अर्धीच म्हाईत. महापुराच्या आदल्या सालातली गोष्ट. पुन्याकडनं गिऱ्हाइकं आलती, सायबं, माल बगाय. मालक त्येंला घेऊन फेटलिंगात आला. सायबांच्या तोंडाला पांढरं कापड, कानामागं दोरी. दोन घटका उभी ऱ्हायली, नाक दाबून गेली. मग सुट्टीला मी गूळ वाटाय बसलो. मालक गेटपाशी गाडीजवळ हुता. नागसेनचा नंबर आला. मी खडा धरला, त्येनं हात वर आनून घेतला, पर हासला न्हाय. मालकाकडं बगत म्हनला, मुकादम, ते पावणं चार दम घ्याय आलते, त्येंला कापड. आमी हितं जलमभर दम घेतोय, आमाला गूळ. आन् खडा सोडला खाली वाळूत. समद्या गड्यांच्या देखत! गुंडूनं बी हातातला टाकला. मग आनि एकानं. मालकानं माझ्याकडं बगितलं. नुसतं बगितलं हां, तोंडानं काय बोलला न्हाय. पाळलेल्या कुत्र्याला छू म्हनाय लागत न्हाय — म्हंजे मी कुत्रा हाय असं न्हवं, म्हन हाय आपली एक.

मी उठलो. म्हनलं, उचल. न्हाय म्हनला. म्हनलं, अन्नाला लाथाडतोस भाड्या, उचल! त्येनं माझं मनगट धरून असं पिरगाळलं की मी गुडघ्यावर आलो. सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर! वर बगतोय तवर त्येनं टाळकं हानलं माझ्या तोंडावर, हे बग, हे दोन दात तवाचं गेल्यात. मग मला काय दिसलंच न्हाय. डाव्या हातानं त्येची कॉलर धरली, असा जवळ वडला, आन् उजवा उचलून सारी ताकद लावून मानंवर असा — कचकन आवाज झाला, कांडं मोडल्यागत. गडी आडवा झाला, मालाच्या ढिगावर डोस्कं आपटलं, कपाळ फुटलं. तरी मी सोडला न्हाय. छातीवर गुडघा दिला. त्योच खडा वाळूतनं उचलला, आन् मूठभर वाळू बी आली त्येच्यासंगं, ती तशीच त्येच्या तोंडात कोंबली. दात दाबून धरल्यालं, तर नाक दाबलं. तोंड उघडलं की कोंब. खा म्हनलं! गोड लागत न्हाय व्हय तुला? खा! दोघातिघांनी त्येचं पाय धरल्यालं. माझ्या गुडघ्याखाली त्येची छाती वाजत हुती, शिट्टी वाजती तशी, बारीक — प्रत्येक दमाला. मी म्हनलं मनात, आयला, ह्यो तर आतनं कवाच —

काय बगतोस? ... कुठला हात? ... मी म्हनलो उजवा? जीभ हाय, घसरती. डावाच. डावाच म्हनायचं हुतं. ... कॉलर? कॉलर मग उजव्यानं धरली असंल. आरं, मारामारीत कोन हात मोजत बसतंय! आन् दनका आरपार जातो. हिकडनं मारलं की तिकडनं निघतो. नारळावर हिकडनं दगड घाल, तिकडनं चीर जाती का न्हाय? ... छाती वाजत हुती, ते मी म्हनलो? वाजत हुती तर मग! मी बसलोतो न्हवं छातीवर, वाजनारच! रद्द्याच्या आदी? आदी वाजत हुती का ते मला काय ठावं, मी काय आदी कान लावलावता व्हय — लावलावता म्हंजे, एकदा जेवनाच्या सुट्टीत माझ्या शेजारी झोपलावता तवा ऐकाय आलतं. एकदा न्हाय, बऱ्याचदा. मग? सगळ्यांचीच वाजायची! गणपतीची वाजायची, गुंडूची वाजायची, रांगेनं झोपली की भजनी मंडळ वाटायचं. आमी हासायचो.

गणपती कशानं मेला? दारूनं. म्हंजे, टीबीनं. सरकारी गोळ्या खाल्ल्या, बरा न्हाय झाला, मग लोक म्हनलं दारूनं. गुंडू टीबीनं. त्येला बी गोळ्या. ... न्हाय, गणपतीला मी कवा हात लावला न्हाय. देवमानूस, त्येला काय मारायचं? ... आता त्येच्या मानंचं कशाला इचारतोस. मेल्याली मानसं उकरून काढाय आलाईस व्हय? ... हुती. हुती एक. गंडमाळ म्हनलं त्येच्या बायकूनं, आजऱ्याकडच्या एका बाबाकडनं डाग दिऊन आनला. तापल्या सळईचा. वास यायचा जळक्या कातड्याचा, आन् ह्यो खुळा हासत सांगायचा, मुकादम, आता जिरंल. ... बाजू? मला याद न्हाय. ... उजवी. उजवी, उजवी! झालं समाधान? त्येला मी मारलं न्हवतं, मान्य! मग त्येला बायकूनं मारलं असंल, नायतर कुठंतरी पडला असंल, कुनाच्या ना कुनाच्या हातनं झालंच असंल की काय तरी! आपोआप कसं येतंय? आपोआप आलं तर मग — मग कुनाला बी यील की रं.

न्हाय, तू समजून घेत न्हाईस. तुला वाटतंय मी मालकाला वाचवतोय. मालक गेला उडत! कामावरनं कायमची सुट्टी दिली मला त्येनं, दम लागतो म्हनून — म्हंजे वय झालं म्हनून. मालकाचं मीठ मी खाल्लं ते घामावाटं कवाच गेलं. मी वाचवतोय ते तुझ्या भावाला. व्हय! त्यो मर्दासारखा मेला, मारामारीत मेला, पिराजीचे दोन दात पाडून मेला, असं लोकांनी म्हनावं का न्हाय? का म्हनावं की धूळ खाऊन मेला, उंदीर मरतो तसा कोपऱ्यात? त्यो गेल्यावर तुमच्यात ते पुण्यानुमोदन झालं न्हवं, त्या दिवशी मी आलतो. तुला दिसलो न्हाय, मी रिक्षाच्या आड उभा हुतो. मांडवात फोटो हुता त्येचा, हासनारा, सगळी वंदना म्हनत हुती, तुझी वैनी खाली बगून बसल्याली. मला वाटलं जावं, पाया पडावं, म्हनावं की बाई, मी मारला. पाय उचलला न्हाय. गाठीनं काय हाल केलं त्येचं ते मला म्हाईत हाय. सुरवातीला हरभऱ्याएवढी असती, हितं, हासळीच्या वर, बोट दाबलं की आत सरकती आन् सोडलं की परत वर येती. दुखत न्हाय, त्योच तर दगा हाय, दुखतच न्हाय. मानूस म्हंतो असंल काय तरी. मग लिंबाएवढी. मग उजव्या कुशीवर झोपता येत न्हाय, उशीत कुनी खडा ठेवल्यागत. सदऱ्याचं वरचं बटन लावलं की तिला टेकतं, दिवसभर तितं कुनीतरी बोट ठेवल्यागत —

... मला कसं म्हाईत म्हंजे? नागसेननं सांगितलं. ... मारामारीनंतर बोलत न्हवता, खरं हाय. पर एकदा बोलला. वाटंत गाठ पडली तवा. ... कुटं? आता कुटं म्हनून काय सांगू, रस्त्यात! तू पोलिस हाईस का मास्तर? ... आक्काताई, तू आत जा. तुला कुनी इचारलं? आत जा म्हनतो न्हवं! — तेल चोळती म्हनं! रोज संध्याकाळी तेल चोळती, आन् ह्येंची जिरत न्हाय! सांगाय आली मोठी शानी, पदर सावरत! ही बशी — ही बशी तुझ्या टाळक्यात — ... ... फुटली तर फुटली. पाय जपून ठेव प्रसेनजीत, काच हाय.

मग? आता कळलं? घे, बगून घे. उजवीकडं. हात लाव, लाव की, भेतोस काय, तुझ्या भावाच्या गाठीचंच भावंड हाय ही. आता जा सांग तुझ्या डाक्टरनीला, आनि एक गिऱ्हाईक घावलं. सोमवारी कोर्टात नेऊन उभा कर, सदरा उतरव, सायबाला दाव, ह्या बगा, ह्या मानसाला तर कुनी बी मारलं न्हाय! व्हय, मला कुनी बी मारलं न्हाय. कोल्लापुरात माझ्या मानंला हात लावनारा जलमला न्हाय, एक नागसेन हुता, त्येनं बी तोंडावर हानलं, मानंवर न्हाय. मी लई आठवून बगितलं. रात रात आठवून बगितलं. कधी पडलो का, कधी पोतं घासलं का, ल्हानपनी बानं मारल्यालं आता वर आलं का. घावत न्हाय रं. कुनीच घावत न्हाय. मला भ्या वाटतंय, प्रसेनजीत. मेल्याचं न्हाय. असं कुनी न मारता मेल्याचं.

ऐक. हिकडं ये. तू सोमवारचं म्हंतोस ते — धूळ हुती, कापड दिलं न्हाय, गूळ दिला, मालकानं डोळ्यानं खुनावलं, सगळं सांगतो. शब्द पिराजीचा. तुझ्या वैनीला जे मिळायचं ते मिळंल. पर तू माझं एक काम कर. उभा ऱ्हा असा माझ्या समोर. आन् मार. हितं, उजव्या मानंवर, तुझा डावा हात घाल, न्हायतर माझ्या मागं उभा ऱ्हाऊन उजवा घाल, कसा बी, पर जोरात. तुझ्या भावाचा सूड म्हनून मार. त्येच्या तोंडात वाळू कोंबली मी, सांगितलं न्हवं तुला? हितंच बसून सांगितलं, मजेत सांगितलं. राग येत न्हाय व्हय तुला? मग मार की! उद्या कुनी इचारलं, मुकादम, मानंला काय झालं, तर सांगाय तर यील, नागसेनच्या भावानं मारलं. तालमीत सांगीन, मार्केटात सांगीन, अभिमानानं सांगीन. मला नाव पायजे रं एक. कुनाचं तरी.

हात का खिशात घातलास? ... पोरांला छडी बी मारत न्हाईस, ते शाळंत. मी काय पोर हाय? ए, वाळू कोंबली मी, वाळू! पाय झाडत हुता त्यो, आन् मी हासत हुतो! ... आई काढू का तुझी? काढतो. वैनीवर बोलू? ... बग, अजून बी बगतोय तसाच. असं बगू नगंस. डाक्टर बगतो तसं बगू नगंस माझ्याकडं. ... काय? माझी चिठ्ठी लिहून देनार? तुझ्याच डाक्टरनीकडं? तू घेऊन जानार मला? ... मी तुझा भाऊ मारला, आन् तू मला रिक्षात घालून — नगं! नगं मला तुझी दया! मी दया मागितली व्हय? रद्दा मागितला मी!

चप्पल घालू नगंस. प्रसेनजीत. मी सांगतोय न्हवं, मुकादम सांगतोय, चप्पल घालू नगंस. ... आक्काताई, दार लाव! न्हाय — लावू नगंस, जाऊ दे त्येला. जा. नीघ. भित्र्या. माझ्या दारात परत पाय ठेवलास तर — ... आरं, पर ए — प्रसेनजीत — मारून तर जा की रं —